लेव्हल थ्री सुटून आला, त्याच्यावर नजर ठेवायचा खर्च नक्की किती आणि कुणाच्या खिशातून?

मैथिली_एमएन

नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात ट्विन सिटीजच्या एका सबर्बमध्ये राहतो, मुलगी तिसरीत आहे. मागे सिटीकडून पत्र आलं की लेव्हल थ्रीचा, म्हणजे परत गुन्हा करायचा धोका सगळ्यात जास्त धरलेला, एक लैंगिक गुन्हेगार शिक्षा संपवून आपल्या भागात राहायला येतोय, नागरिकांसाठी मीटिंग ठेवलीय. नवरा म्हणाला तू जाऊन ये, मी घरी थांबतो.

मीटिंग त्याच हॉलमध्ये जिथे आपल्या मंडळाची दिवाळी होते, त्याच घडीच्या खुर्च्या, फक्त स्टेजवर रांगोळीऐवजी प्रोजेक्टर. पडद्यावर माणसाचा फोटो, उंची, वजन, गुन्हा काय होता ते दोन ओळीत आणि पत्ता म्हणजे कुठला ब्लॉक एवढंच, घर नंबर नाही. पोलीस अधिकारी तीन तीनदा एकच सांगत होता की ह्याने कुठे राहायचं हे आम्ही ठरवू शकत नाही, तो शिक्षा भोगून आलाय, आणि त्याच्या दारात जाऊन कोणी तमाशा केला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. सगळा हॉल तापलेला. माझ्या शेजारच्या बाई पहिला प्रश्न काय विचारतात, तर घराच्या किमती पडणार का. मागून एकजण ओरडला की ह्याला मूस लेकला का नाही डांबला. मग एका आजोबांनी शांतपणे विचारलं की ह्याच्यावर देखरेख करणारा सरकारी एजंट, पायातलं जीपीएस, थेरपी, ह्याचे पैसे कोण भरतं, तर करेक्शन्सवाला, म्हणजे राज्याच्या तुरुंग खात्याचा, माणूस म्हणाला बजेट लेजिस्लेचर देतं, आणि पुढचा प्रश्न घेतला.

तर मला तेच विचारायचंय. मूस लेक काय प्रकार आहे, बाहेर सुटलेल्यांवर किती खर्च होतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा काही उपयोग होतो का की नुसतेच ओततोय? नवऱ्याचं म्हणणं जातायत पैसे तर जाऊ देत, पोर महत्त्वाची. ते मलाही पटतं. पण सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे सुटलेल्या माणसावर सरकार वर पैसे घालतं?" आणि मला उत्तर देता येईना.

---

खडूस_काका

फाशी. विषय संपला. दोराला काय खर्च येतो? आपण टॅक्स भरायचा आणि ह्या असल्यांना थेरपी, बांगड्या, एजंट. धन्य.

---

चहाबाज

काका तुमच्याकडे नंतर येतो 🙂

मैथिली, मी इथल्याच एका काउंटीत फायनान्सला आहे, त्यामुळे हे आकडे दरवर्षी डोळ्यासमोरून जातात. आधी एक लक्षात घे, हे दोन वेगळे डबे आहेत आणि मीटिंगला लोक दोन्ही एकत्र करतात.

पहिला डबा मूस लेक. आय-35 ने डुलुथकडे जाताना लागतं ते गाव. तिथे आणि सेंट पीटरला मिनेसोटा सेक्स ऑफेंडर प्रोग्राम चालतो. हा तुरुंग नाही, कागदोपत्री. ज्यांची शिक्षा पूर्ण झालीय पण कोर्टाला वाटतं की हा अजून धोकादायक आहे, त्यांना सिव्हिल कमिटमेंट करून "उपचारासाठी" तिथे ठेवतात, मुदत नाही. 1994 च्या कायद्यापासून हे सुरू आहे. बाहेरून बघितलंस तर काटेरी तारा, आतून दार लावलेलं, फक्त राहणाऱ्यांना कैदी नाही तर क्लायंट म्हणतात. सातशेच्या वर माणसं आहेत, लोकसंख्येच्या मानाने अख्ख्या देशात सगळ्यात जास्त असं 2011 मध्ये राज्याच्या लेजिस्लेटिव्ह ऑडिटरनेच लिहिलं होतं. त्याच रिपोर्टमधला आकडा म्हणजे माणशी वर्षाला 1,20,000 डॉलर, म्हणजे साध्या तुरुंगातल्या कैद्याच्या किमान तिप्पट. हे 2011 चं, त्यानंतर काही स्वस्त झालेलं नाही, वर्षाचा एकूण खर्च आता दहा कोटी डॉलरच्या घरात आहे. आणि राज्य एकटं भरत नाही, 2011 नंतर कमिट झालेल्यांच्या खर्चातला 25 टक्के वाटा ज्या त्या काउंटीवर, आधी 10 होता. म्हणजे तुझ्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात ते आहेच, फक्त त्या नावाने लिहिलेलं नसतं.

आता एवढे पैसे घालून बरे होऊन बाहेर किती आले? पहिल्या वीस वर्षांत पूर्ण सुटका शून्य. खरंच शून्य. 2012 मध्ये एकाला अटींवर सोडला, 2013 मध्ये दुसऱ्या एकाच्या सुटकेवरून इतका गदारोळ झाला की गव्हर्नर डेटननी ते सगळं थांबवूनच टाकलं, पुढच्या वर्षी निवडणूक होती हे वेगळं सांगायला नको. 2015 ला फेडरल कोर्टात जज फ्रँक म्हणाले हे घटनाबाह्य आहे, 2017 ला वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, सुप्रीम कोर्टाने केस घेतलीच नाही. मधल्या काळात 2016 मध्ये पहिला माणूस पूर्णपणे सुटला. नंतरही कोर्टाने म्हटलं की ह्याला तारांच्या बाहेरच्या विंगमध्ये हलवा, तरी तिथे बेड नाही म्हणून माणसं दोन दोन वर्षं मूस लेकलाच बसून राहिली, आणि त्या प्रत्येक दिवसाचं बिल तेच महागडं. बेड बांधायला पैसे मंजूर करायचे तर आमदाराला मत द्यावं लागतं आणि पुढच्या निवडणुकीत ते पत्रकावर छापून येतं. म्हणून कोणी हात लावत नाही.

दुसरा डबा म्हणजे तुझ्या मीटिंगवाला माणूस. हा शिक्षेचा तुरुंगातला भाग संपवून सुटलाय, कमिट झालेला नाही. मिनेसोटात शिक्षेचा दोन तृतीयांश आत आणि एक तृतीयांश बाहेर देखरेखीखाली, शिवाय लैंगिक गुन्ह्याला वरून दहा वर्षांची कंडिशनल रिलीज, म्हणजे अटींवरची सुटका, परत केला असेल तर आयुष्यभर. लेव्हल थ्रीला इंटेन्सिव्ह सुपरव्हिजन, म्हणजे एका एजंटकडे पंधराच्या आसपासच माणसं, कधीही दार वाजवणार, कर्फ्यू, लघवीची तपासणी, कामावर येऊन खात्री. महाग वाटतं ना? मूस लेकच्या एका माणसाच्या पैशात असे बरेच जण बघून होतात. पण बजेट कापायची वेळ आली की कात्री पहिली इथेच लागते, कारण मूस लेकला कोर्टाचे डोळे आहेत आणि एजंटची एक जागा भरली नाही तर कुणाला कळतसुद्धा नाही.

माझं मत विचारशील तर पैसा कमी नाहीये, उलट्या जागी आहे.

---

सिअ‍ॅटलकर

आमच्याकडची गंमत ऐका. असा कायदा देशात सगळ्यात पहिला वॉशिंग्टन राज्याने केला, 1990 साली, तुमच्या चार वर्षं आधी. आणि ठेवलं कुठे तर मॅकनील बेटावर, जिथे जायला पूल नाही. पूर्वी तिथे तुरुंग होता तेव्हा बोट, पाणी, फायर ब्रिगेड सगळा खर्च तुरुंगाबरोबर वाटला जायचा. 2011 ला पैसे वाचवायला म्हणून तुरुंग बंद केला! आता राहिलं फक्त हे कमिट केलेल्यांचं सेंटर आणि त्याच्यासाठी रोज फेरी, कारण स्टाफ स्टायलाकूमहून बोटीने जातो. नर्स बोटीने, किराणा बोटीने, कोणाचं दुखलं खुपलं तर पेशंट बोटीने. एवढं करून कोणाला बाहेर घर द्यायचं म्हटलं की ते गाव रस्त्यावर उतरतं. परत बेटावर.

---

खडूस_काका

तेच म्हणतोय ना मी, बोटी कसल्या चालवता. फाशी.

---

चहाबाज

काका, मिनेसोटात फाशी 1911 सालीच बंद झाली. आणि दोराला खर्च नाही म्हणता, तर ऐका. 2003 मध्ये इथला एक लेव्हल थ्री तेवीस वर्षं आत काढून मे महिन्यात सुटला, त्याला कमिट करायला कोणी पाठवलाच नाही, आणि नोव्हेंबरमध्ये त्याने शेजारच्या नॉर्थ डकोटात, ग्रँड फोर्क्सला, मॉलच्या पार्किंगमधून कॉलेजच्या मुलीला उचललं. ती मेली. आज देशाची जी राष्ट्रीय गुन्हेगार वेबसाइट आहे ती तिच्याच नावाने आहे. राज्याची हद्द ओलांडली म्हणून केस फेडरल झाली, फाशी मागितली, मिळालीसुद्धा. मग काय, अपिलं. 2021 ला जजने फाशी रद्द केली, 2023 ला सरकारने मागणीच मागे घेतली, आता जन्मठेप. वीस वर्षं दोन्हीकडचे वकील, तज्ज्ञ डॉक्टर, सगळे सरकारी पैशावर, आणि त्या आईबापांना दर दोन चार वर्षांनी परत तेच ऐकायला कोर्टात.

आणि मूस लेक फुगलं ते ह्याच केसनंतर. करेक्शन्सने ठरवलं की आता कोणालाच स्वतःच्या जबाबदारीवर सोडायचं नाही, कमिटमेंटसाठी सगळ्या लेव्हल थ्रीच्या फायली काउंटी अ‍ॅटर्नीकडे पाठवा. दहा वर्षांत माणसं जवळपास चौपट. मी त्यांना दोष देत नाही, त्या खुर्चीत मी असतो तरी पाठवल्या असत्या.

---

निशिगंधा

बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहितेच. मी इथे एका सर्कलमध्ये व्हॉलंटियर होते, सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटेबिलिटी म्हणतात त्याला. मूळ कॅनडातलं, 1994 ला हॅमिल्टनला एका मेनोनाइट (ख्रिश्चनांमधला एक पंथ) पाद्र्याने त्याच्या चर्चमधल्या चार लोकांना घेऊन सुरू केलेलं, कारण सुटून आलेल्या माणसाला गावात कोणी उभं करत नव्हतं आणि पोलीस चोवीस तास त्याच्या घरासमोर गाडी लावून बसलेले. मिनेसोटाच्या करेक्शन्सने ते 2008 ला उचललं. पद्धत साधी, चार पाच सामान्य माणसं आणि मधोमध तो एक, आठवड्यातून एकदा भेटायचं, सुरुवात आत तुरुंगात असतानाच होते आणि बाहेर आल्यावर साधारण वर्षभर चालतं. आम्हाला ट्रेनिंग देतात, त्याने काय केलंय ते पूर्ण सांगतात, काही लपवत नाहीत. त्याने अट मोडली असं दिसलं तर आम्ही एजंटला कळवणार हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. मैत्री बित्री नाही, गैरसमज नको.

मी काय बघितलं ते सांगते. आमच्यावाल्याला इंटरनेट बंद, स्मार्टफोन बंद, अटच आहे ती, आणि योग्यच आहे. पण नोकरीचा अर्ज हल्ली वेअरहाऊसमध्ये पुठ्ठे उचलायचा असला तरी ऑनलाइनच. म्हणजे एजंटची परवानगी, मग कोणीतरी शेजारी बसून फॉर्म भरायचा. पायातलं जीपीएस रोज चार्ज करायला लागतं, पायातच, काढता येत नाही. एकदा बस चुकली आणि चार्ज उतरत आला, तर हा लॉन्ड्रोमॅटमध्ये वॉशिंग मशीनच्या मागच्या प्लगला पाय लावून भिंतीशी उभा, लोक बघतायत, आणि ते यंत्र बंद पडलं तर परत आत जायचं ह्या भीतीने घामाघूम. मी त्याला घरी सोडायला गेले होते म्हणून बघितलं. कीव आली का? थोडी आली. आणि कीव आल्याचा रागही आला, कारण फाईल मी वाचलेली होती.

घराचं तर विचारूच नका. लेव्हल थ्रीला भाड्याने देणारा घरमालक शोधून दाखवा. 2008 ला एक केस अपील कोर्टात गेली होती, माणूस सुटला, पण मंजूर झालेला पत्ता नाही म्हणून त्याच दिवशी परत तुरुंगात. कोर्टाला सांगावं लागलं की अहो जरा पर्याय तरी बघा. ह्या सगळ्याचं बिल कोण भरतं? एक खोली दिली असती तर जे पैसे लागले असते त्याच्या कितीतरी पट त्याला परत आत ठेवायला लागतात.

आता उपयोग होतो का ह्यावर. सर्कलचा अभ्यास करेक्शन्सच्याच संशोधकाने केलाय, चिठ्ठ्या टाकतात तसं, इच्छुकांपैकी पन्नास जणांना सर्कल दिलं आणि पन्नास जणांना नाही. 2018 ला निकाल आला, परत लैंगिक गुन्ह्यात अटक होण्याचा धोका 88 टक्क्यांनी कमी, आणि घातलेल्या एका डॉलरमागे 3.73 डॉलर वाचले, पोलीस, कोर्ट, तुरुंग सगळं धरून. शंभरच माणसं आहेत हे खरं, फार मोठा नमुना नाही, पण निदान कोणीतरी मोजलंय तरी. मूस लेकच्या दहा कोटींचं असं कोणी मोजून दाखवलेलं मी वाचलं नाही.

---

चहाबाज

निशिगंधा, हे हवं होतं. तुरुंगातल्या थेरपीचंही मोजलंय, 2009 चा अभ्यास आहे, ज्यांनी आत उपचार घेतले त्यांच्यात परत लैंगिक गुन्ह्यात अटक 27 टक्क्यांनी कमी. 88 एवढं भारी नाही पण तिथे दोन हजारांवर माणसं होती. आणि हे सगळे आकडे काढणारं खातं सरकारीच, आणि ते न वाचणारेही सरकारीच. आंधळं दळतंय.

---

पूर्वा_नाशिक

मी भारतातून लिहितेय. लहान मुलांसोबत काउन्सेलिंगचं काम करते, बहुतेक पॉक्सोच्या केसेस. तुमचं वाचून दोन्ही वाटलं, हेवा पण आणि वैताग पण.

हेवा अशासाठी की आमच्याकडे सुटला की सुटला. कोणी एजंट नाही, कोणी मीटिंग घेत नाही, जिल्ह्याचे परिविक्षा अधिकारी असतात त्यांच्या टेबलावर बालगृहापासून सगळंच असतं. लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस 2018 मध्ये झाला, पण तो पोलिसांनाच बघता येतो. (उघडा करावा असं मला बिलकुल वाटत नाही, आमच्याकडे जमाव काय करेल सांगता येत नाही.) मैथिलीताई, तुमच्या आईंना जो धक्का बसला तो इथे 2015 च्या डिसेंबरात सगळ्या देशाला बसला होता. निर्भया केसमधला अल्पवयीन सुटला तेव्हा दिल्ली सरकारने त्याच्या पुनर्वसनासाठी दहा हजार रुपये आणि शिलाई मशीन द्यायचं ठरवलं होतं. दहा हजार! चॅनेलवर दिवसरात्र तेच, की बलात्काऱ्याला बक्षीस. दोन दिवसांत राज्यसभेने नवा बालन्याय कायदा मंजूर केला, सोळाच्या पुढच्यांवर प्रौढांसारखा खटला चालवायची सोय करून. त्याच्यावर पुढे लक्ष कोण ठेवणार, कुठे राहणार, ह्यावर कोणी पाच मिनिटं बोललं नाही. मशीनवरच सगळी चर्चा.

आणि वैताग असा की निशिगंधाताई, तुमच्या त्या एकाभोवती पाच जण दर आठवड्याला बसले. चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्या मुलीला त्याने त्रास दिला तिच्याभोवती किती जण बसले? माझ्याकडे येणाऱ्या मुलींना काही ठरावीक सेशन्स मिळतात आणि मग घरचे आणणं बंद करतात, कारण एक दिवसाचा रोज बुडतो. ते टक्केही मला जरा जपूनच वाचावेसे वाटतात, कारण अटक झाली म्हणजे कोणीतरी बोललं. माझ्याकडची कितीतरी पोरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. काका, मामा, ट्यूशनवाले सर. त्यांच्यावर कुठलंच जीपीएस नसतं.

---

निशिगंधा

पूर्वा, तुझं म्हणणं लागलं, आणि ते बरोबर आहे. आमच्याकडेही तोच भेद आहे, फक्त रकमा मोठ्या. सर्कलमध्ये जी माणसं येतात त्यात कधी कधी स्वतः हे भोगलेल्या बायकाही असतात बरं का. आमच्यात एक होत्या. मी विचारलं नाही का करताय म्हणून, त्यांनीच एकदा गाडीत सांगितलं की हा परत कुणाला हात लावणार नाही ह्याची खात्री मला कुणा दुसऱ्यावर सोडायची नाही. टक्क्यांबद्दल म्हणशील तर न नोंदलेले गुन्हे दोन्ही गटांत असणारच ना, तुलना त्यामुळे अगदीच खोटी होत नाही, पण आकडा आहे त्यापेक्षा सगळीकडे जास्त धरायचा हे मान्य.

---

खडूस_काका

पूर्वाताईंचं पटलं. आधी त्या पोरींना द्या पैसे, उरले तर ह्यांना.

---

चहाबाज

काका, अडचण तीच आहे की हे दोन खर्च एका ताटातून येतच नाहीत. ह्यांचं कापलं म्हणून तिकडे वाढतं असं आजवर एकाही बजेटमध्ये मी बघितलेलं नाही. ह्यांचं कापलं की रस्त्याला जातं नाहीतर टॅक्स सवलतीला. पण 2011 च्या ऑडिटरनेच लिहिलं होतं की मूस लेकमधल्या काहीजणांना कमी खर्चाच्या, कमी बंदोबस्ताच्या ठिकाणी ठेवता येईल, फक्त तशी ठिकाणंच राज्यात नाहीत. तेवढी बांधली असती तर जो फरक उरला असता त्यात पीडितांच्या किती जागा भरल्या असत्या ते मोजायला मला आवडलं असतं.

---

मैथिली_एमएन

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी मीटिंगमध्ये सांगितलं असतं तर लोक निम्मे शांत झाले असते. नाही, कदाचित नसते झाले.

आता पुढचं. आमच्या सिटी कौन्सिलने लगेच प्रस्ताव आणलाय की शाळा, पार्क, डेकेअरपासून 2,000 फुटांच्या आत लैंगिक गुन्हेगाराला राहता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे खूश, आमच्या मराठी ग्रुपवर पण अंगठ्यांचा पाऊस. मी नकाशावर गोल काढून बघितले तर गावात राहते फक्त हायवेच्या पलीकडची गोदामं आणि एक तळं. म्हणजे हा जाणार शेजारच्या गावात, मग ते गाव हाच कायदा करणार. ह्याने खर्च कमी होतो की वाढतो?

---

निशिगंधा

वाढतो. आणि उपयोग काय ते ह्याच राज्यात तपासलंय. 1990 ते 2002 मध्ये सुटलेल्या 3,166 जणांपैकी जे 224 परत लैंगिक गुन्ह्यात आत गेले, त्या प्रत्येकाची फाईल करेक्शन्सने उघडून बघितली की हा अंतराचा नियम असता तर गुन्हा टळला असता का. 2007 चा रिपोर्ट आहे. टळला असता असा एकही नाही. बहुतेकांनी आधीच ओळख असलेल्यांनाच गाठलं, कुणाच्या आईशी जमवून, कुणाच्या घरी जाऊन येऊन. शाळेजवळ राहतो म्हणून शाळेतलं मूल पकडलं असं झालंच नाही. पूर्वा म्हणतेय ते काका मामा इथेही तेच.

आणि हाकलत गेलं की काय होतं ते मायामीला जाऊन बघा. तिथे काउंटीने 2,500 फुटांचा नियम केला आणि सगळे जाऊन ज्युलिया टटल कॉजवेच्या पुलाखाली राहायला लागले, तंबू ठोकून, वरून गाड्या. प्रोबेशनवाले रात्री पुलाखाली येऊन हजेरी घ्यायचे. 2010 मध्ये ती वस्ती उठवली, माणसं मात्र तीच. कॅलिफोर्नियात 2006 च्या सार्वमतानंतर असाच 2,000 फुटांचा नियम झाला आणि पॅरोलवर सुटलेल्यांतले बेघर कितीतरी पटींनी वाढले, 2015 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सॅन डिएगोपुरता तो सरसकट लावायला मनाई केली, कारण घर नाही म्हटल्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवणंच जड जायला लागलं होतं. एजंटला दार वाजवायचं तर आधी दार पाहिजे ना.

---

सिअ‍ॅटलकर

तळ्याकाठी तंबू टाकेल. मग त्याला बोट द्या 😀

---

मैथिली_एमएन

हसू नका हो, माझ्या घरामागेच आहे ते तळं.

निशिगंधा, तो 2007 चा रिपोर्ट मी प्रिंट काढून नेते. सोमवारी कौन्सिलची मीटिंग आहे. नवऱ्याला अजून पटलेलं नाही, त्याचं म्हणणं तू उभी राहून बोललीस तर उद्या बसस्टॉपवर बाकीच्या आया तुझ्याशी बोलणार नाहीत. ते होईलही. बोलायला तीन मिनिटं देतात, नाव आधी क्लार्ककडे नोंदवायला लागतं.

---

चहाबाज

तीन मिनिटांत आकडे दोनच सांग, 224 पैकी शून्य आणि माणशी 1,20,000. बाकी कोणी ऐकत नाही. आणि एजंटच्या किती जागा रिकाम्या आहेत ते काउंटीला लेखी विचार, उत्तर द्यावंच लागतं त्यांना.